परीक्षा मुलाची की शाळेची?

२०२४ सालच्या मार्च महिन्यात चोर्ला घाट ओलांडून पलीकडे गेलेल्या कोणालाही एक विलक्षण देखावा पाहावयास मिळाला असता. खानापूर, बेळगाव, निपाणी या भागांतील शाळांतून दहा-अकरा वर्षांची मुले परीक्षेला बसत होती, उठत होती आणि पुन्हा बसत होती. कर्नाटक सरकारने राज्याच्या अभ्यासक्रमाप्रमाणे चालणाऱ्या शाळांतील पाचवी, आठवी व नववी या इयत्तांसाठी मंडळाची, म्हणजे साऱ्या राज्याला एकच प्रश्नपत्रिका असलेली परीक्षा ठरविली होती. ६ मार्च रोजी उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने ती रद्द केली. ७ मार्च रोजी द्विसदस्यीय पीठाने त्या निर्णयाला स्थगिती दिली. ११ मार्च रोजी परीक्षा सुरू झाली. १२ मार्च रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती स्थगिती उठविली आणि उरलेले पेपर जागच्या जागी थांबले. २२ मार्च रोजी उच्च न्यायालयाने परीक्षेला पुन्हा अनुमती दिली, २५ मार्चपासून राहिलेले पेपर उरकण्यात आले. आणि ८ एप्रिल रोजी सर्वोच्च न्यायालयाने फर्मावले की, या परीक्षांचे निकाल जाहीर करू नयेत व कोणत्याही शाळेने ते कोणत्याही कारणासाठी विचारात घेऊ नयेत. त्याच्या आदल्या वर्षी, २०२३ मध्येही, पाचवी व आठवीच्या बाबतीत असाच खेळ मार्च महिन्यात रंगला होता.

मोठ्या माणसांच्या या वादात कोण जिंकले आणि कोण हरले, याची चर्चा कायदेपंडितांनी करावी. आमच्या डोळ्यांपुढे येतो तो पाचवीतला मुलगा. आईने सकाळी दही-साखर हातावर ठेवून पाठविलेला, पेन्सिलीला टोक काढून बाकावर बसलेला. त्याने लिहिले ते कोणी वाचले, कशासाठी वाचले आणि वाचून त्याचे काय केले, हे त्याला कोणीच सांगितले नाही. परीक्षा घेणाऱ्यांचाच जेथे परीक्षेच्या हेतूविषयी निश्चय नाही, तेथे ती देणाऱ्याने काय समजावे?

घाटापलीकडचे हे गाऱ्हाणे म्हणून आम्ही त्याकडे पाठ फिरवू शकत नाही. सीमाभागातील मराठी शाळांशी आपले नाते आहे, हे तर खरेच. परंतु त्याहून जवळचे कारण असे की, ज्या कायद्यातून हा वाद उभा राहिला तो साऱ्या देशाचा कायदा आहे. शिक्षणहक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या सोळाव्या कलमाने आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला नापास करून मागे ठेवण्यास बंदी घातली होती. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घ्यावी, नापास होणाऱ्याला दोन महिन्यांच्या आत दुसरी संधी द्यावी, आणि त्यातही तो उतरला नाही तर त्याला त्याच वर्गात ठेवावे की नाही, हे सरकारांनी ठरवावे, असे दुरुस्ती म्हणते. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने आपल्या अखत्यारीतील शाळांसाठी तसे नियमही केले. राज्यांना मुभा आहे. म्हणजेच ज्या त्या राज्याने आपल्या मुलांपुरता विवेक करावयाचा आहे. गोव्यातील मुलांना लागू होणारा कोणताही नियम गोव्याची जमीन पाहूनच करावा लागेल, दिल्लीहून आलेले परिपत्रक पाहून नव्हे.

या प्रश्नाला दोन बाजू आहेत आणि दोन्ही बाजूंना प्रामाणिक माणसे आहेत, हे आधी मान्य केले पाहिजे. नापास न करण्याचे धोरण कोण्या आळशी अधिकाऱ्याच्या डोक्यातून निघालेले नाही. पहिलीत घातलेल्या मुलांपैकी चौथी-पाचवीपर्यंत किती पोहोचतात आणि किती वाटेतच गळतात, ही स्वातंत्र्यानंतरच्या शिक्षणाची सर्वांत मोठी दुखरी जागा होती. नापास झालेला मुलगा त्याच वर्गात एकदा बसतो, दोनदा बसतो आणि तिसऱ्या वर्षी गुरांमागे जातो. मुलगी असेल तर एकदाही न बसता धाकट्या भावंडाला कडेवर घेते. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने याची सखोल चिकित्सा केली होती. त्या आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्याच शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्याचे सुपुत्र. गारगोटीच्या मौनी विद्यापीठातून खेड्यातल्या शिक्षणाचा अनुभव घेतलेले. पहिल्या इयत्तांना वर्गांच्या कुंपणांत न कोंडता, शक्य तेथे एकच सलग टप्पा मानावे, हा विचार त्या आयोगाने मांडला होता. लहान मूल एकाच वेगाने वाढत नसते, एवढी साधी गोष्ट त्यामागे होती.

परंतु विचार कितीही चांगला असला तरी तो राबविणारे हात कसे आहेत, यावर त्याचे फळ ठरते. नापास करू नका, याचा अर्थ शिकवू नका असा नव्हता. परीक्षेऐवजी मुलाचे वर्षभर सातत्याने मूल्यमापन करावे, कोठे अडते ते पाहावे आणि तेथेच हात द्यावा, असा त्याचा अर्थ होता. प्रत्यक्षात काय झाले? मूल्यमापन वह्यांत उतरले, मुलात उतरले नाही. शिक्षक रकाने भरीत राहिले. 'वर्तनात सुधारणा', 'सहभाग समाधानकारक' अशा ठरीव शब्दांनी नोंदवह्या फुगल्या आणि जोडाक्षराशी अडखळणारा मुलगा तसाच अडखळत वर्षामागून वर्षे वरच्या वर्गात ढकलला गेला. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार?

याचे पुरावे आता सर्वांपुढे आहेत. २००५ पासून ग्रामीण भागात घरोघर जाऊन मुलांचे वाचन तपासणाऱ्या 'असर' या पाहणीत २०२४ साली देशातील पाचवीच्या निम्म्याहून थोड्या कमीच मुलांना दुसरीच्या पुस्तकातील मजकूर वाचता आला. सरकारने स्वतः ४ डिसेंबर २०२४ रोजी 'परख' सर्वेक्षण केले. त्यात ७८१ जिल्ह्यांतील ७४ हजारांवर शाळांतून तिसरी, सहावी व नववीच्या सुमारे २१ लाख मुलांची चाचणी झाली. तिसरीतल्या केवळ ५५ टक्के मुलांना ९९ पर्यंतच्या संख्या चढत्या-उतरत्या क्रमाने मांडता आल्या. सहावीतल्या दहापर्यंतचे पाढे येणाऱ्यांचे प्रमाण ५३ टक्के निघाले. ज्या समाजात पावकी, निमकी, पाऊणकी तोंडपाठ असणारे आजोबा अजून घराघरांत आठवले जातात, त्या समाजाला हे आकडे लाज आणणारे आहेत.

तेव्हा 'परीक्षा परत आणा' असे म्हणणाऱ्या पालकांना कोणी प्रतिगामी म्हणून हिणवू नये. परवा आमच्या कचेरीत सत्तरी तालुक्यातील एक निवृत्त शिक्षक आले होते. बत्तीस वर्षे सरकारी मराठी शाळांतून शिकवलेले. बोलता बोलता ते म्हणाले, "तुम्ही संपादक लोक परीक्षा नको म्हणून लिहाल. पण परीक्षा नको म्हणणाऱ्यांची मुले कोणत्या शाळेत जातात, ते आधी विचारा. त्यांना घरी शिकवणी आहे. आमच्या मुलाला नववीत पहिल्यांदा कळते की, आपल्याला काहीच येत नाही. आठ वर्षे त्याला पास-पास म्हणून फसवले, ते पाप कोणाचे?" आम्हांला त्यांना तत्काळ उत्तर देता आले नाही. कारण त्यांचे म्हणणे खरे होते.

नववीची ही भिंत सर्वांच्या परिचयाची आहे. आठवीपर्यंतचे दार सताड उघडे. नववीत आले की, दहावीचा शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून कच्च्या मुलाला गाळण्यास सुरुवात. शेजारच्या महाराष्ट्रात अशा मुलाच्या हाती १७ नंबरचा अर्ज देऊन त्याला बाहेरून दहावीला बसविण्याची वाट दाखविली जाते. निकालाच्या दिवशी शाळेच्या फाटकावर अभिनंदनाचा फलक लागतो. गाळलेल्या मुलांची नावे कोणत्याच फलकावर नसतात. जे धोरण आठ वर्षे मुलाला नापास करीत नाही आणि नवव्या वर्षी एका झटक्यात रस्त्यावर आणते, त्याला मुलांविषयीची करुणा म्हणता येणार नाही. ती उधारी आहे, आणि तिचे व्याज गरिबाच्या मुलाने भरावयाचे आहे.

असे असता, आम्ही पाचवी-आठवीच्या सक्तीच्या परीक्षेचे स्वागत का करीत नाही? कारण प्रश्न परीक्षा असावी की नसावी, हा नाहीच. प्रश्न आहे तो परीक्षेचे उत्तर कोणाकडून मागावयाचे, हा. वैद्य नाडी पाहतो ती औषध देण्यासाठी. नाडी पाहून 'तू रोगी आहेस, आणखी एक वर्ष याच खाटेवर पड' एवढेच सांगून जो निघून जातो, त्याला आपण वैद्य म्हणत नाही. पाचवीत मुलाला वाचता येत नसेल, तर पाच वर्षे त्याला शिकविणारी शाळा, त्या शाळेला शिक्षक न देणारे खाते आणि त्या खात्यावर देखरेख न ठेवणारे सरकार, यांतले कोणी नापास होत नाही. नापास होतो तो एकटा दहा वर्षांचा मुलगा. वड्याचे तेल वांग्यावर काढावे, तसा हा न्याय आहे.

एका मापाने सर्वांना मोजण्याचा हा मोह नवा नाही. इंग्लंडात १८६२ साली 'निकालावर अनुदान' अशी पद्धत आली. तपासनीस शाळेत जाई, एकेका मुलाचे वाचन, लेखन, गणित तपासे आणि जितकी मुले उतरतील तितके पैसे शाळेला मिळत. परिणाम असा झाला की, वाचनाचे पुस्तक मुलांना पाठ करविले जाऊ लागले. पुस्तक उलटे धरले तरी मूल घडाघडा वाचून दाखवी, अशी तिची थट्टा झाली. स्वतः शाळा-तपासनीस असलेला कवी मॅथ्यू अर्नोल्ड या पद्धतीवर सतत टीका करीत राहिला, आणि पस्तीस वर्षांच्या आत ती पद्धत मोडीत निघाली. मुंबई इलाख्यातही खासगी शाळांच्या अनुदानाला हाच गज लावण्यात आला होता. साहेबाने आपल्या घरी टाकून दिलेल्या वस्तू आपण येथे जपून ठेवतो, ही आपली जुनी खोड.

अमेरिकेने तीच चूक नव्या शतकात मोठ्या प्रमाणावर केली. २००२ साली अमलात आलेल्या कायद्याने तिसरी ते आठवीच्या सर्व मुलांची दरवर्षी वाचन व गणिताची चाचणी सक्तीची झाली आणि २०१४ पर्यंत शंभर टक्के मुले त्यात उतरलीच पाहिजेत, असे उद्दिष्ट ठेवले गेले. जी शाळा मागे पडेल तिच्यावर कारवाई. हेतू चांगला होता; गरिबांच्या व काळ्या मुलांच्या शाळांकडे होणारे दुर्लक्ष त्यामुळे प्रथमच आकड्यांत उघडे पडले, हे श्रेय त्या कायद्याला दिलेच पाहिजे. पण आकड्यावर नोकरी टांगली की आकडा सुधारतो, मूल नव्हे. अटलांटा शहरात २०११ च्या सरकारी चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक-मुख्याध्यापक उत्तरपत्रिकांतील लबाडीत गुंतल्याचे निघाले. २०१५ मध्ये त्यांपैकी ११ जणांना न्यायालयाने दोषी ठरविले. मुलांची चुकीची उत्तरे खोडून शिक्षकच बरोबर उत्तरे लिहीत होते! त्याच वर्षाच्या डिसेंबरात अमेरिकेने तो कायदा बदलला; चाचण्या ठेवल्या, पण शंभर टक्क्यांचे ते स्वप्न सोडले आणि कारवाईचा आसूड वॉशिंग्टनच्या हातून काढून राज्यांकडे दिला. आपल्या देशातही तामिळनाडूने २०१९ मध्ये पाचवी व आठवीच्या सार्वजनिक परीक्षा जाहीर केल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्या मागे घेतल्या. शहाणपण उशिरा आले तरी ते शहाणपणच.

आता आपल्या गोव्याकडे वळू. येथे पाचवीच्या परीक्षेला एक असा पेच आहे, जो दिल्लीत बसून दिसणे शक्य नाही. आपल्याकडे प्राथमिक शाळा चौथीपर्यंत. सरकारी शाळेतले मूल पहिली ते चौथी मराठीतून वा कोंकणीतून शिकते. घरी ते कोंकणी बोलते, शाळेत मराठी वाचते आणि या दोहोंत त्याला काही परकेपणा वाटत नाही, कारण त्याच्या आजीच्या ओव्या आणि देवळातली आरती या दोहोंतूनच ते वाढलेले असते. पाचवीत ते हायस्कुलात जाते आणि बहुतेक ठिकाणी एका दिवसात त्याचे माध्यम इंग्रजी होते. काल 'अपूर्णांक' म्हणून समजलेली गोष्ट आज त्याला दुसऱ्याच नावाने सांगितली जाते. शाळा नवी, शिक्षक नवे, विषयागणिक तास नवे, आणि भाषाही नवी. नेमक्या त्याच वर्षाच्या अखेरीस त्याला पास-नापासाच्या काट्यावर तोलावयाचे! त्या परीक्षेत उतरणार आहे ते मुलाचे गणित नव्हे, त्याच्या घरचे इंग्रजी. ज्याचा बाप पणजीत कचेरीत आहे तो तरेल. ज्याचा बाप ट्रॉलरवर किंवा खाणीच्या ट्रकवर आहे तो बुडेल. आणि मग कोणीतरी आकडा काढून सांगेल की, पाहा, मराठी शाळेतून आलेली मुले कच्ची असतात. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती हीच.

मुक्तीनंतर दयानंद बांदोडकरांच्या कारकिर्दीत गावोगाव मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. पोर्तुगीज अमदानीत देवळाच्या अग्रशाळेत किंवा एखाद्याच्या ओसरीवर शेणवीमाम धूळपाटीवर अक्षरे गिरवून घेत. ज्यांना सरकारदरबारी काही व्हावयाचे असे, ते 'सेगुंद ग्राव'ची परीक्षा देत. आणि ती परीक्षा राज्यकर्त्याच्या भाषेत असल्याने कुळाच्या, मुंडकाराच्या मुलाला तिचा उंबरठाही दिसत नसे. परीक्षा ही तेव्हा चाळण होती. वर कोणाला येऊ द्यावयाचे नाही, हे ठरविणारी. मुक्तिलढ्यात जे उतरले त्यांच्या मनात जी शाळा होती, ती चाळण नव्हती. प्रत्येक मुलाला आत घेणारे ते दार होते. परकी सत्ता गेल्यानंतर साठ वर्षांहून अधिक काळाने आपण त्याच दारावर पुन्हा तसाच पहारेकरी बसवीत आहोत काय, याचा विचार शिक्षणखात्याने एकांतात करावा.

आणखी एक बाब अंकगणिताची आहे. आपल्या पेडणे, सत्तरी, सांगे, काणकोण या तालुक्यांतील कित्येक प्राथमिक शाळांची पटसंख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहे. एका वर्गात पाच मुले असतील आणि त्यांतला एक परीक्षेच्या दिवशी तापाने फणफणला, तर शाळेचा निकाल एकदम वीस टक्क्यांनी खाली येतो. दुसऱ्या वर्षी पाचही पास झाले की, ती शाळा 'आदर्श' ठरते. हा आकडा शाळेविषयी काहीच सांगत नाही. पण तो वर्तमानपत्रात छापला गेला, की पुढच्या जूनमध्ये दोन पालक आपली मुले काढून बसने शहरातल्या शाळेत पाठवितात, आणि उरलेल्या तिघांसाठी शाळा चालविणे परवडत नाही म्हणून खाते ती बंद करते. एका चुकीच्या आकड्याने गावची शाळा जाते. वर्तमानपत्राचे संपादक या नात्याने हा दोष आम्ही आमच्याही पदरी घेतो. निकालांच्या तुलनेचे तक्ते छापण्याचा मोह आम्हांलाही आवरला पाहिजे.

सीमाभागातील मराठी शाळांच्या बाबतीत या पेचाला आणखी एक गाठ पडते. साऱ्या राज्याची एकच प्रश्नपत्रिका असली, की ती एका भाषेत रचली जाते आणि इतर भाषांत उतरविली जाते. उतरविणारा कितीही प्रामाणिक असला तरी त्या वाक्याला मुलाच्या ओळखीचा वास राहत नाही. प्रश्न कळला नाही म्हणून उत्तर चुकले, की उत्तर येत नव्हते म्हणून चुकले, हे गुणांच्या रकान्यात दिसत नाही. अल्पसंख्य भाषेच्या मुलाचे अपयश अशा रीतीने त्याच्या भाषेच्या खाती जमा होते. ज्यांना त्या शाळा नकोच आहेत, त्यांना यासारखे आयते निमित्त दुसरे कोणते?

मग करावे काय? निवृत्त शिक्षकाच्या प्रश्नाला आम्ही जे उत्तर त्या दिवशी देऊ शकलो नाही, ते आज देण्याचा प्रयत्न करतो.

चाचणी घ्या, ती तिसरीतच घ्या. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण तिसरी, पाचवी व आठवीत चाचण्या सुचविते आणि त्यांच्या निकालांचा उपयोग केवळ शिक्षणव्यवस्थेच्या सुधारणेसाठी करावा, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. त्याच धोरणाच्या नावाने मुलाला मागे बसविणे हा शब्दच्छल झाला. तिसरीत मूल ज्या भाषेत शिकते त्या भाषेत त्याला एक पान वाचावयास द्या, चार उदाहरणे घाला. कोठे अडते ते त्या दिवशीच कळेल आणि सुधारण्यास वेळ हाती राहील. पाचवीत कळलेली गोष्ट दोन वर्षे उशिरा कळलेली असते.

निकाल मुलाच्या गुणपत्रिकेवर नको, तो शाळेच्या व खात्याच्या टेबलावर जाऊ द्या. ज्या शाळेत निम्मी मुले अडखळतात तेथे महिन्याच्या आत जादा शिक्षक गेला पाहिजे. गेला नाही तर त्या तालुक्याच्या शिक्षणाधिकाऱ्याने लेखी कारण द्यावे. चाचणीने कोणावर तरी बंधन यावयाचेच असेल, तर ते पगार घेणाऱ्यांवर येऊ दे.

कायदा म्हणतो की, नापास मुलाला दोन महिन्यांत जादा शिकवून पुन्हा परीक्षेस बसवा. आमच्या मते साऱ्या दुरुस्तीत एवढाच भाग सोन्याचा आहे आणि नेमका तोच कागदावर राहण्याचा धोका आहे. या दोन महिन्यांत सुट्टीही येते. शिकवावयाचे कोणी? त्यासाठी वेगळा शिक्षक, वेगळे मानधन, वेगळी तरतूद अंदाजपत्रकात कोठे आहे, हे सरकारने विधानसभेत सांगावे. ती नसेल, तर पुनर्परीक्षा म्हणजे त्याच अज्ञानाची दुसऱ्यांदा घेतलेली नोंद ठरेल.

शिक्षकाला शिकवू द्या. शिक्षणहक्क कायद्याचेच सत्ताविसावे कलम शिक्षकांना जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज दुसऱ्या कामाला जुंपण्यास मनाई करते. पण या तीन अपवादांच्या भोकांतून किती हत्ती निघून जातात, हे प्रत्येक मुख्याध्यापक जाणतो. एकशिक्षकी शाळेतला शिक्षक मतदारयादी घेऊन वाड्यावाड्यांतून हिंडत असतो तेव्हा त्याच्या शाळेतली मुले काय शिकत असतात? त्याच मुलांच्या निकालाचा जाब मग त्याला विचारावयाचा, हे कोणत्या न्यायात बसते?

आणि पालकांनाही एक शब्द सांगितला पाहिजे. आपल्या मुलाला पास केले की नाही, हे आपण दरवर्षी विचारतो. त्याला वाचता येते की नाही, हे किती जण विचारतात? दिवेलागणीनंतर दहा मिनिटे मुलाला जवळ घेऊन त्याच्याच पुस्तकातले एक पान मोठ्याने वाचावयास लावा. ज्या आईला स्वतःला वाचता येत नाही, तिलाही मूल कोठे अडखळते ते ऐकू येते. ती दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन 'माझा पोर येथे अडतो' असे सांगेल, त्या दिवशी शाळेची खरी परीक्षा सुरू होईल. अशा दहा आया एका गावात उभ्या राहिल्या, तर मंडळाच्या प्रश्नपत्रिकेची वाट पाहण्याची गरज उरणार नाही.

त्या निवृत्त शिक्षकाचा प्रश्न होता की, पाप कोणाचे? उत्तर असे की, ते मुलाचे नक्कीच नाही. आठ वर्षे त्याला न शिकविता पास करणे हे जसे पाप, तसेच पाच वर्षे न शिकविता त्याला नापास करणे हेही पाप. पहिल्यात त्याला फसविले जाते, दुसऱ्यात फसवून वर शिक्षाही दिली जाते. दोन पापांतून एक निवडण्याची सक्ती गोव्यावर कोणी केलेली नाही. आपले राज्य लहान आहे. येथे दोनच जिल्ह्यांपासून प्रारंभ झाला आणि अजूनही कोणत्याही शाळेपासून सचिवालय फार दूर नाही. एकेका शाळेतले एकेक मूल नावानिशी माहीत असणे ज्या मोजक्या राज्यांना शक्य आहे, त्यांत गोवा आहे. मोठ्या राज्यांना नाइलाजाने सर्वांना एकच गज लावावा लागत असेल, आपल्याला तो नाइलाज नाही.

सरकारने परीक्षा जरूर घ्यावी. मात्र पहिल्या बाकावर शिक्षणखात्याला बसवावे. त्याचा निकाल लागल्यावर, हवे तर, मुलांकडे वळावे.